कमी वापर, अर्जंट विक्री

‘३२ इंची एलईडी, फुल एचडी. कमी वापर. फक्त गणपतीत आणि मे महिन्यात लावलेला. एकही स्क्रॅच नाही. अर्जंट विकणे आहे. फालतू चौकशी करू नये.’

अशी जाहिरात डोंबिवलीत किंवा पुण्यात वाचली तर माणूस लगेच फोन लावील. वर्षातून पंधरा-वीस दिवस लावलेला टीव्ही म्हणजे जवळजवळ नवाच की! पण हीच जाहिरात मालवणात टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. तो किंमत वाचत नाही. कंपनीही वाचत नाही. तो विचारतो, “घर खंयचा? बंद असता काय?” आणि उत्तर ‘हो’ आलं की फोन तुमच्या हातात परत देतो.

ऑनलाइन जाहिरातीत जुन्या टीव्हीबद्दल काय काय भरायचं असतं ते पाहा: कंपनी, इंच, किती वर्षं वापरला, किंमत, चार फोटो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर या सगळ्यापेक्षा मोठ्या ठरणाऱ्या दोन गोष्टींसाठी तिथे जागाच नाही. टीव्ही समुद्रापासून किती अंतरावर टांगला होता, आणि तो रोज लागत होता की नाही. देवबागात वाळूच्या पट्टीवर, खाडी एका बाजूला नि समुद्र दुसऱ्या बाजूला असलेल्या घरातला, पण रोज रात्री सात ते दहा न चुकता चाललेला टीव्ही, आणि मसुऱ्यासारख्या आतल्या गावात वर्षभर कुलूपबंद घरात झाकून ठेवलेला टीव्ही, यातला कोणता घ्यावा, असं विचारलं तर माझ्या ओळखीचे मेकॅनिक पहिल्याकडे झुकतात. मला हे आधी उलटं वाटायचं. कारण समजलं तेव्हा पटलं.

चालू टीव्ही स्वतःच्या उबेनं कोरडा राहतो. बॅकलाइट तापतो, पॉवर सप्लाय तापतो, आतली हवा बाहेरच्यापेक्षा जरा गरम राहते आणि ओल टिकत नाही. बंद घरातल्या टीव्हीला ही ऊब मिळत नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबरचं मीठ धुळीत मिसळून पाठीच्या जाळीतून आत जातं, बोर्डावर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, कपाटातली पुस्तकं वास मारतात. टीव्हीच्या पोटातही तेच चाललेलं असतं, फक्त दिसत नाही. तांब्याच्या केसाएवढ्या रेषा हिरव्या पडतात, चपट्या केबलीच्या कनेक्टरचे पाय काळवंडतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईची मंडळी येतात, कुलूप निघतं, केर काढला जातो, गणपतीवरची माटवी बांधायच्या आधी कोणीतरी टीव्हीचं बटण दाबतं. महिनोन्महिने ओल प्यायलेल्या बोर्डात एकदम वीज शिरते. गणपतीच्या सुमारास मालवण-कुडाळच्या दुकानांत टीव्हींची रांग लागते, त्यातल्या बऱ्याचशा टीव्हींची हकीकत ही अशी.

मालवणच्या बाजारपेठेलगतच्या एका गल्लीतलं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर आहे. फळीवर टीव्ही पालथे झोपवलेले, पाठी काढलेल्या. दुकानाचा मालक चाळिशी उलटलेला, डबा टीव्हीच्या काळात शिकलेला, एलईडी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकलेला. एक दिवस त्याने मला नुकताच आलेला ३२ इंची टीव्ही उघडून दाखवला. जाहिरात पाहून कोणीतरी आचऱ्याकडून घेतलेला. समोरून खरोखरच कोरा करकरीत. पडद्यावरची कंपनीची पातळ प्लास्टिकची फीतही काढलेली नव्हती. पाठीचे स्क्रू मात्र पेचकसाला दाद देईनात. “हयसरच कळता,” तो म्हणाला. स्क्रूची डोकी गंजून तपकिरी झाली असतील तर आत काय असेल ते वेगळं सांगायला नको. पाठ निघाली. एका कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी, बोर्डावर तिच्या लेंड्या. एचडीएमआयच्या एका भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, अगदी काठोकाठ लिंपलेलं. आणि पॅनेलकडे जाणाऱ्या चपट्या केबलीच्या तोंडाशी पोपटी बुरा.

“कमी वापरलेलो म्हणान सांगतत,” तो म्हणाला. “वापरूकच नाय, तर मग कुजतलो नायतर काय?”

तो टीव्ही आवाज देत होता, चित्र देत नव्हता. यावर एक साधी परीक्षा आहे आणि जुना टीव्ही बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने ती शिकून घ्यावी. खोलीत अंधार करायचा, टीव्ही चालू ठेवायचा, मोबाइलची बॅटरी पडद्याला टेकवून जरा तिरकी मारायची. काळ्या पडद्यात पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, मागचा उजेड गेला आहे. एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांना इथे सगळे स्ट्रिपच म्हणतात. पट्टीतले दिवे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझावी तसं होतं. स्ट्रिप बदलता येते, खर्च आवाक्यातला असतो. टॉर्च मारूनही काही दिसलं नाही तर मात्र बोर्डाचं किंवा पॅनेलचं दुखणं. आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ असेल, कितीही बारीक, तर तो टीव्ही आहे तिथेच राहू द्यावा. काचेच्या कडेला चिकटवलेली पट्टी सुटू लागली की अशी रेघ येते. आज एक दिसते, पुढच्या पावसाळ्यात चार होतात. ती पट्टी पुन्हा चिकटवणारं यंत्र आपल्या तालुक्याच्या दुकानात नसतं, आणि पॅनेल बदलायचं म्हटलं तर त्या पैशांत नवा टीव्ही येतो. विकणारा म्हणतो, “सवय झाली की रेघ दिसत नाही.” दिसते.

आता थोडं मागे जाऊ, कारण या किनाऱ्याला जुना टीव्ही घेणं नवं नाही. किंबहुना इथल्या कितीतरी घरांत पहिला टीव्ही आला तोच जुना.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गिरणगावच्या चाळींतून एखाद्या खोलीत टीव्ही आणि त्या खोलीत सगळी चाळ, हे चित्र सत्तरीतलं. तेव्हा टीव्ही बाळगायला परवाना लागे, पोस्टात पैसे भरून तो दरवर्षी नवा करावा लागे; १९८५ मध्ये ती भानगड संपली. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कोकणातले कितीतरी कामगार बोजा-बिस्तरा घेऊन गावी परतले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण आलं, एशियाड आलं, आणि ज्यांच्या नोकऱ्या टिकल्या त्यांनी काळा-पांढरा टीव्ही काढून रंगीत घेतला. जुना काळा-पांढरा कुठे जाणार? मे महिन्यात एस.टी.च्या टपावर चढून गावी. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा वाडीतल्या ज्या एका घराच्या पडवीत रविवारी सकाळी माणसं मावेनाशी झाली, त्या घरात बहुतेकदा मुंबईहून उतरलेला असाच एखादा डबा असायचा.

नव्वदीत रंगीत डबे उतरले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तशी वाहतूक सोपी झाली. सपाट पडदे आले तेव्हा २१ इंची, दोन माणसांनी धरून उचलायचे डबे गावाकडे वळले. मग मुंबईत ३२ इंचीचा ४३ इंची झाला, की ३२ इंची गावी. आखाताचा ओघ वेगळा. सावंतवाडी, वेंगुर्ला, शेजारचा गोवा, इथली पुष्कळ माणसं तिकडे नोकरीला. येताना सपाट टीव्ही विमानातून आणायची मोठी चाल होती. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने प्रवाशाच्या सामानातल्या सपाट टीव्हीवरची सवलत काढून ३५ टक्के शुल्क लावलं, आणि तो ओघ आटला.

या सगळ्या जुन्या टीव्हींना किंमत नव्हती. म्हणजे पैसे कोणी मागत नसे. पण फुकट म्हणावं तर तेही नाही. काकाने दिलेल्या टीव्हीच्या बदल्यात काकाचं बंद घर झाडायचं, त्याच्या काजू-आंब्याकडे लक्ष ठेवायचं, त्याच्या घराची कौलं परतायला गडी बघायचे. वर तो टीव्ही बिघडला तर काकाला सांगायची सोय नाही. “आमच्याकडे तर चांगला चालत होता,” हे एक वाक्य मुंबईहून फोनवर येणार, आणि पुढच्या चतुर्थीला सगळ्यांसमोर पुन्हा येणार. माझ्या परिचयातल्या एका वहिनींनी घोवाच्या मोठ्या भावाने दिलेला टीव्ही अडगळीत टाकून दुसरा जुना विकत घेतला, अनोळखी माणसाकडून, रोख पैसे मोजून. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पैशे दिले, इषय संपलो.” जाहिरातीवरच्या खरेदीचं याहून सरळ समर्थन मी ऐकलेलं नाही.

जाहिराती आधीही होत्या. ‘तरुण भारत’च्या सिंधुदुर्ग आवृत्तीत छोट्या जाहिराती येत, अजून येतात; पण त्यात जमीन, वधू-वर, गाय-म्हैस, नारळाची रोपं. जुन्या टीव्हीसाठी छापील ओळीचे पैसे कोण भरणार? फोनवरच्या फुकट जाहिरातीने ही अडचण काढली. ओएलएक्स २००६ मध्ये सुरू झालं, त्याचं ‘बेच दे’ गावागावांत पोचलं. पुढे फेसबुकचं मार्केटप्लेस आलं. २०२३ मध्ये ओएलएक्सचा भारतातला कारभार कारट्रेडने विकत घेतला. इथे मात्र खरा बाजार भरतो तो तालुक्या-तालुक्याच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअॅप गटांत. तिथे शेळी, बुलेट, सोलर पंप आणि टीव्ही एकापाठोपाठ येतात, मध्येच कोणीतरी शुभ सकाळ टाकतं आणि अॅडमिन त्याच्यावर खेकसतो.

अॅपला कोकणचा भूगोल कळत नाही, हीही एक गंमत. देवबागच्या टोकाला उभं राहून जाहिराती शोधा. ‘तुमच्यापासून २ किमी’ म्हणून एक टीव्ही दिसेल आणि तो निघेल भोगव्याचा. समोर दिसतं भोगवे, होडीने पोचायला वेळ लागत नाही. पण मध्ये कर्ली नदी समुद्राला मिळते. टीव्ही रस्त्याने आणायचा तर तारकर्ली, मालवण, चौके, नेरूरपारचा पूल, पलीकडे उतरून परुळे, आणि मग भोगवे. तेवढाच फेरा परत. आता होडीतून टीव्ही आणणारेही आहेत, प्लास्टिकात गुंडाळून, मांडीवर उभा धरून. पण ज्याच्या पोटात मीठ जाऊ नये म्हणून आपण एवढी पाहणी केली त्याला खाडीच्या तुषारांतून आणायचं म्हणजे काय म्हणावं! कळावलच्या खाडीवर तळाशील आणि सर्जेकोट समोरासमोर आहेत, तिथेही हीच तऱ्हा. पूर्वेकडे कुडाळ-कणकवली आणि दक्षिणेला म्हापसा-पेडण्याच्या जाहिराती जास्त असतात. गोव्याचे टीव्ही स्वस्त दिसतात, पेट्रोल धरलं की तेवढेच पडतात.

टीव्ही नेहमी उभा न्यायचा, आडवा नाही. आडवा ठेवला की रस्त्यातला प्रत्येक खड्डा काचेच्या मधोमध बसतो. ३२ इंची म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३२ इंच; प्रत्यक्ष रुंदी ७१ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून तो स्कूटरवर दोघांच्या मध्ये मावतो. ४३ इंची मावत नाही. त्याला टेम्पो लागतो नाहीतर मुंबईहून येणाऱ्या खासगी बसची डिकी.

एचडी या प्रकाराबद्दल मात्र मला थोडं रागानेच लिहायचं आहे. जुन्या टीव्हीच्या दहा जाहिराती वाचा. बहुतेकांत ‘फुल एचडी’ लिहिलेलं असतं. ३२ इंची टीव्हींत खरे फुल एचडी थोडे, बाकीचे एचडी रेडी. फरक आकड्यांत सांगतो. एचडी रेडी पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. फुल एचडीवर १९२० गुणिले १०८०, पावणेएकवीस लाखांच्या जवळ. दुप्पट. विकणारा दरवेळी खोटं बोलत असतो असं नाही, त्याला दुकानदाराने तसं सांगितलेलं असतं. पाठीवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्यायचा, फोनवर शोधायचा, एका मिनिटात खरं-खोटं होतं. त्याच स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं. ‘दोन वर्षं वापरलेला’ टीव्ही सात वर्षांपूर्वी बनलेला निघाला तर दोघांनी हसून सोडून द्यावं आणि किंमत नव्याने बोलावी.

पण त्याहून गमतीचा भाग पुढे आहे. हा एचडी पडदा घरी नेऊन आपण जोडतो कशाला? किनाऱ्यावरच्या निम्म्या-अधिक छपरांवर मला दूरदर्शनच्या फ्री डिशची थाळी दिसते. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही, एकदा थाळी-डबा घेतला की झालं. गरिबाघरचा हा मोठा आधार आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तिच्यावरचे बहुतेक चॅनेल साध्या प्रतीचे, ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. पावणेएकवीस लाख ठिपक्यांचा पडदा आणि चार लाखांचं चित्र; उरलेलं टीव्ही आपल्या मनाने भरतो. डब्यापासून टीव्हीपर्यंत लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर असेल तर आणखीच धूसर. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी रूपं आहेत, त्यांचे पैसे वेगळे, आणि त्यासाठी डबाही एचडीचाच लागतो. शिवाय आषाढातल्या पावसात थाळीचा सिग्नल जातो तो जातोच, मग पडदा कितीही ठिपक्यांचा असो. ज्या घरात टीव्ही फ्री डिशलाच लागणार आहे, तिथे ‘फुल एचडी’साठी दोन हजार जास्त मोजू नयेत, हे मी दुकानात उभं राहून अनेकांना सांगितलं आहे. ऐकत नाहीत. चेडू-झिल, म्हणजे मुलंमुली, मोबाइलवरनं काहीतरी दाखवणार असतात, हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो अगदीच चुकीचा नाही. फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवलं की फरक खरंच दिसतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ज्या आकेरीतल्या वाड्यात चित्रित झाली तो बघायला गाड्या भरभरून माणसं आली. त्या अंधाऱ्या मालिकेतला अंधार साध्या चित्रात नुसता राखाडी दिसायचा, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

जुन्या ‘स्मार्ट’ टीव्हीचं स्मार्टपण मात्र लवकर आटतं. पाच-सात वर्षांत त्यातली अॅप्स कंपनी सांभाळेनाशी होते, यूट्यूब उघडता उघडता चहा होतो. अशा वेळी टीव्हीला नुसता पडदा समजायचं आणि वेगळी स्टिक लावायची. म्हणून एचडीएमआयची भोकं किती आणि ती चालतात का, हे अॅप्सपेक्षा महत्त्वाचं. कंपनी हयात आहे का, हेही बघावं. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला टीव्ही बनवणारी व्हिडिओकॉन एकेकाळी मराठी घरांत सर्रास होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तिचे टीव्ही अजून विकायला येतात. बोर्ड गेला तर दुसऱ्या मेलेल्या व्हिडिओकॉनमधून काढायचा, एवढाच मार्ग.

त्यामुळे एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे. ‘पॅनेल फुटलेला, बोर्ड चालू’ अशी जाहिरात टाका. पोरानं रिमोट फेकला, मांजरानं पाडला, काही असो. फोन येतात ते सगळे मेकॅनिकचे. माझ्या गल्लीतल्या दुकानाच्या माळ्यावर असे टीव्ही ओळीने उभे आहेत, पाठीवर खडूने मॉडेल लिहून. भंगारवाल्याला ते नकोच असतात. डब्याच्या काळात मागच्या गुंडाळीत तांबं मिळायचं, आता वायर आणि थोडा पत्रा. काच तो परत करतो.

फसवणुकीचं बोलायचं तर ती बहुतेक टीव्ही न बघताच होते. तऱ्हा ठरलेली आहे. मोठा टीव्ही, निम्म्याहून कमी किंमत, कंपनीच्या वेबसाइटवरचा चकचकीत फोटो. फोन केला की हिंदीत उत्तर: मी फौजेत आहे, बदली झाली, सामान विकतोय. ओळखपत्राचा फोटो येतो. टीव्ही ‘आर्मीच्या गाडीने’ घरपोच मिळेल, आधी थोडे पैसे पाठवा. सिंधुदुर्गात लष्कराची मोठी छावणीच नाही, एवढ्यावरच माणसाने थांबायला हवं. पण वर्दीचा मान आपल्याकडे इतका आहे की शंका घेणं पाप वाटतं. याची उलटी बाजू विकणाऱ्यासाठी. तुमची जाहिरात टाकल्याबरोबर गिऱ्हाईक मिळतं, भाव करत नाही, बघायलाही येत नाही, आणि पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतं. तो स्कॅन करून पिन टाकली की पैसे तुमच्या खात्यातून जातात. यूपीआयची पिन पैसे देतानाच लागते, घेताना कधीच नाही. एवढं एक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. चूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन, उशीर न करता, कारण पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात.

कायद्याचा आधार इथे थोडा. घरगुती वस्तू विकणारा माणूस व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार त्याच्याविरुद्ध सहसा उघडत नाही. उरतो १९३० चा मालविक्री कायदा, आणि त्याच्या कलम १६ चा साधारण रोख असा की वस्तू घेणाऱ्याने पारखून घ्यावी. चोरीचा माल असला तर पैसेही जातात आणि टीव्हीही, वर पोलीस ठाण्याची फेरी. म्हणून मूळ बिल मागावं. नसेल तर विकणाऱ्याच्या घरीच जाऊन, भिंतीवर चालू असलेला टीव्ही बघून घ्यावा. रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर, ‘मी तिकडेच येतोय’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. नव्याचे भावही नजरेत ठेवावेत. ३२ इंची नवा दहा-बारा हजारांच्या घरात मिळतो. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, तरी जुन्या ४३ इंचीच्या जाहिरातीत कोणी आकडा खाली आणलेला मला दिसला नाही.

किनाऱ्यावर जुन्या टीव्हीची खरी खाण आता पर्यटनात आहे. मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग. प्रत्येक न्याहारी-निवासाच्या खोलीत एक टीव्ही. पर्यटक दिवसभर पाण्यात, रात्री मासे खाऊन मोबाइलवर, टीव्ही नावाला. पण खोलीच्या जाहिरातीत ‘एलईडी टीव्ही’ लिहावं लागतं आणि तो मोठा दिसावा लागतो. मेअखेर पाण्यातले खेळ बंद होतात, खोल्या रंगवायला घेतात, तेव्हा जुने टीव्ही उतरतात आणि गटांवर एकदम चार-पाच मिळून विकायला येतात. तेव्हाच मासेमारीही बंद, १ जूनपासून. म्हणजे टीव्ही स्वस्त होतो तेव्हा घेणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. सप्टेंबरात बांगडा लागला की गिऱ्हाईक येतं, तोवर चांगले टीव्ही गेलेले असतात.

मालवणच्या दांडीतल्या ओळखीच्या कुटुंबासाठी असा एक टीव्ही बघायला गेलो होतो. घरातली सासू, जिच्या गाठीला पैसे होते ती, आणि तिचा नातू. तारकर्लीतली चार खोल्यांची जागा. मालक तरुण, बोलण्यात गोड. ३२ इंची एचडी रेडी, चार हजार म्हणत होता. मी स्टिकर बघितलं, स्क्रू बघितले. डोकी चकाकत नव्हती, पण गंजही नव्हता. मालक म्हणाला, खोल्यांत एसी असतो, हवा कोरडी. हे निम्मंच खरं. एसी बंद झाला, दार उघडलं, बाहेरची दमट हवा थंड पत्र्यावर आली की आत घाम धरतो. पण या टीव्हीला फारसा घाम धरलेला नसावा. पांढरा पडदा लावून कोपरे बघितले, काळा लावून उजेड कुठून गळतो ते बघितलं. बरा होता.

आवाज काही केल्या वाढेना. पंचवीसच्या आकड्यावर थांबे. नातवाचं तोंड उतरलं, स्पीकर गेला म्हणाला. मेकॅनिकला फोन लावला. तो हसला. हॉटेलच्या टीव्हीला बऱ्याचदा हॉटेल मोड लावलेला असतो, आवाजाला मर्यादा घालून ठेवतात, शेजारच्या खोलीला त्रास नको म्हणून. रिमोटची बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते त्याने सांगितलं, आतला मेनू उघडला, मर्यादा शंभरावर नेली, आणि दशावताराच्या कुठल्याशा चित्रफितीतला संकासुर एवढ्या मोठ्याने गरजला की बाजूच्या खोलीत भिंत घासणारा पेंटर डोकावून गेला. म्हातारी खूश. आधीच्या पाहुण्यांपैकी कोणाचं तरी यूट्यूब अजून त्यात उघडं होतं. ते पुसून टीव्ही कोरा करून घेतला.

“साडेतीन,” म्हातारी म्हणाली.

मालकाने आईची शपथ घेतली. तिने कमरेची पिशवी सोडली आणि पुन्हा बांधली. अडीच मिनिटं कोणी बोललं नाही. छत्तीसशेवर आलं.

मग निघालं की टीव्हीला पायच नाहीत. पहिल्या दिवसापासून भिंतीवर, त्यामुळे खोक्यातले पाय कधीच कुठेतरी टाकलेले. “भिंतीचो ब्रॅकेट न्हेवा,” मालक म्हणाला, “दोनशे द्या.” नातवाने ब्रॅकेटच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट गंजून भिंतीचाच झाला होता. जोर केला तसा गिलावा सुटून खाली पडला, आणि पेंटर पुन्हा डोकावला, या वेळी जरा काळजीने. “ऱ्हवांदे, ऱ्हवांदे,” मालक घाईघाईने म्हणाला. म्हातारीने पडलेल्या गिलाव्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं. “ब्रॅकेट नाय, पाय नाय,” ती म्हणाली, “मग साडेतीनच.” या वेळी शपथ आली नाही. नातवाने टीव्ही गोधडीत गुंडाळून स्कूटरवर उभा धरला, म्हातारी माझ्यामागे बसली, आणि वाटेत वायरीच्या दुकानात थांबून तिने नव्या ब्रॅकेटचा भाव करायला सुरुवात केली.